पेवातली हवा

पैठण म्हटले की नाथांचा वाडा, पैठणी आणि नाथसागर हे चटकन डोळ्यांपुढे येते. इतिहासाच्या पुस्तकात ते सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणून भेटते. पण दोन हजार वर्षे नांदत्या राहिलेल्या या गावाबद्दल एक साधा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. सुगी वर्षातून एकदा किंवा फार तर दोनदा येते, भूक मात्र रोज लागते. मग मधल्या काळात धान्य राहत होते कुठे? आणि त्याला कीड लागत नव्हती का?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तिकेत पैठणचा उल्लेख येतो. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला नेत असत. या मालाच्या यादीत धान्य नाही. ते नसणारच. दगड आणि कापड वजनाने थोडे आणि किमतीला भारी. धान्याचे उलटे. दोन बैल आणि एक गाडीवान वीस दिवस जाताना आणि वीस दिवस येताना जे खातील, ते वजा केले तर गाडीभर ज्वारी नेण्यात हाती काय राहील, याचा हिशेब विद्यार्थ्यांना जरूर करायला द्यावा. तात्पर्य, ज्या शिवारात धान्य पिकले त्याच शिवारात ते मुरवावे लागे. दुष्काळ पडला तर शेजारच्या प्रांतातले धान्य वेळेवर येईल याचा भरवसा नव्हता. धान्य टिकवणे ही चैन नव्हती, जगण्याची अट होती.

म्हणून साठवणुकीचा इतिहास प्रतिष्ठानच्याही फार मागे जातो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षे उत्खनन केले. तेथे सुमारे तीन ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे सापडली. घराघरांतून धान्य साठवायचे खड्डे आणि कणगी ठेवण्यासाठी केलेले मातीचे गोल ओटे होते. पाच खोल्यांचे एक मोठे घर गावप्रमुखाचे असावे असे संशोधकांनी मानले, आणि त्या घराला लागूनच धान्याचे कोठार होते. ही शेजारशेजारची जागा लक्षात ठेवू, पुढे तिचा संबंध येणार आहे. सातवाहनकाळात तर धान्याच्या व्यापाऱ्यांची स्वतंत्र श्रेणी, म्हणजे संघटना होती. जुन्नरच्या एका शिलालेखात या श्रेणीने लेणे आणि पाण्याची पोढी दान केल्याची नोंद आहे. लेणे कोरून देण्याइतका पैसा धान्यात होता, असाच याचा अर्थ.

साठवणुकीच्या रीती अनेक होत्या. बांबूच्या किंवा तुरीच्या काड्यांच्या विणलेल्या, शेणामातीने लिंपलेल्या कणग्या. भिंतीतच बांधून काढलेली बळदे. किल्ल्यांवरचे अंबरखाने. पन्हाळ्याच्या गंगा कोठीत सोळा दालने आहेत आणि प्रत्येकावरच्या घुमटाला माथ्यावर एक भोक आहे. धान्य वरून ओतायचे, म्हणजे ते आपल्या वजनाने पसरते आणि भरायला माणसाला आत उतरावे लागत नाही. आजच्या पोलादी सायलोतही धान्य वरूनच पडते. पण महाराष्ट्राच्या कोरड्या पठारावरची, मराठवाड्यापासून सोलापूर-नगरपर्यंतची सर्वांत खास रीत म्हणजे पेव. आपल्या भाषेत एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की 'पेव फुटले' म्हणतात. फुटलेल्या पेवातून धान्य जसे भसाभसा वाहील तसे. ज्यांनी पेव कधी पाहिले नाही तेही हा शब्द रोज वापरतात.

पेव म्हणजे जमिनीत खणलेली रांजणाच्या आकाराची पोकळी. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढेच, खाली पोट रुंद. खोली दहा-पंधरा फूट, कुठे त्याहून जास्त. जागा निवडण्यातच पहिले शहाणपण होते. गावाच्या जमिनीचे आपण 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन भाग करतो. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. काळ्या मातीतली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत हवाबंद भांडे तयार होणे शक्य नाही. पांढरीची माती, किंवा खालचा घट्ट मुरूम, असा फुगत-आकसत नाही. शिवाय पांढरी उंचवट्यावर असते. जुन्या पैठणची वस्ती तर पिढ्यान् पिढ्यांच्या पडझडीतून वाढलेल्या पांढरीच्या टेकाडावरच आहे. तिथे पाणी साचत नाही.

खणून झाल्यावर आत जाळ करून भिंती भाजून, वाळवून घेत. तळाला भुसा, पाचटाचा जाड थर आणि भिंतीला कडबा लावत. मग उन्हात खडखडीत वाळलेली रब्बीची ज्वारी भरत. वर पुन्हा कडबा, त्यावर दगडी झाकण आणि चिखल-शेणाने बंद केलेल्या फटी. वरून माती सारवली की खाली काय आहे हे अनोळख्याला कळतही नसे. लुटारू फौजांच्या काळात हाही एक फायदाच होता.

अशा पेवात ज्वारी चार-पाच वर्षे सहज राहत असे. का राहते, हे एका छोट्या हिशेबाने समजते. समजा पेव चार मीटर खोल आहे आणि त्याचा सरासरी व्यास अडीच मीटर आहे. घनफळ झाले सुमारे २० घनमीटर. एक घनमीटर ज्वारीचे वजन साधारण ७५० किलो धरले, तर या पेवात १५ टन, म्हणजे १५० क्विंटल ज्वारी मावेल. दाण्यांमधली मोकळी जागा एकूण घनफळाच्या सुमारे ४० टक्के असते. म्हणजे ८ घनमीटर हवा, आणि तिच्यातला ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या हिशेबाने साधारण १.७ घनमीटर. वजनात सव्वादोन किलोच्या आतबाहेर.

आता किडीकडे वळू. ज्वारीतला सोंड्या असो की तांबडा भुंगा, तो दाणा खातो म्हणजे दाण्यातला पिष्टमय पदार्थ श्वसनात जाळतो. ग्लुकोजचे समीकरण आपण शाळेत शिकवतो: १८० ग्रॅम ग्लुकोज जळायला १९२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तेव्हा सव्वादोन किलो ऑक्सिजनमध्ये जास्तीत जास्त दोन किलोच्या आसपास पिष्ट जळू शकते. पंधरा हजार किलोंपैकी दोन किलो! किडे कितीही असोत, बाहेरची हवा आत आली नाही तर त्यांना याहून जास्त खर्च करताच येत नाही. उलट जितके किडे जास्त तितका ऑक्सिजन लवकर संपतो आणि तितके ते लवकर मरतात. पेव किडीला मारत नाही. किडीलाच तिचा स्वतःचा श्वास पुरवून संपवायला लावते. मला तरी साठवणुकीच्या सगळ्या तंत्रांत याहून सुंदर युक्ती माहीत नाही.

अर्थात पेव काही प्रयोगशाळेतल्या काचपात्राइतके हवाबंद नसते. मातीतून थोडी हवा झिरपतेच. त्यामुळे वरचा आणि कडेचा थर थोडा खराब होई, काळा पडे, त्याची ढेकळे बनत. तो गुरांना जाई. मधली ज्वारी शाबूत. दुसरा फायदा तापमानाचा. तीन-चार मीटर खोलीवर जमिनीचे तापमान वर्षभर जवळपास स्थिर असते. मराठवाड्यात बाहेर मे महिन्यात चाळीसच्या वर आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या खाली पारा जातो, पण पेवातल्या ज्वारीला त्याची वार्ता नसते. पत्र्याच्या कोठीत याच्या उलट घडते. दिवसा पत्रा तापतो, रात्री गार होतो, गरम भागातल्या दाण्यांतली वाफ गार पत्र्यावर पाणी होऊन बसते आणि कडेच्या दाण्यांना बुरशी लागते. कोठी कोरडी, धान्य कोरडे, तरी ओल आली कुठून, असे कोडे मग पडते.

पेवातल्या या हवेची दुसरी बाजू भयंकर आहे. ऑक्सिजन संपतो आणि त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड साठतो. तो हवेपेक्षा जड, आणि पेवाचे तोंड अरुंद. त्यामुळे झाकण काढले तरी आतली हवा लवकर बदलत नाही. पेवात उतरलेला माणूस वर न आल्याच्या, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही खालीच राहिल्याच्या घटना अनेक गावांच्या आठवणीत आहेत. म्हणून जाणती माणसे आधी पेव उघडून ठेवत, मग दोरीला बांधून कंदील खाली सोडत. कंदील विझला तर उतरायचे नाही. ज्योत विझायला ऑक्सिजन १६-१७ टक्क्यांपर्यंत उतरला तरी पुरते, माणूस बेशुद्ध व्हायला तो आणखी बराच खाली जावा लागतो. म्हणजे कंदील माणसाच्या आधी इशारा देतो. बंद पडलेल्या विहिरीत, गटारात किंवा बायोगॅसच्या टाकीत आजही माणसे याच कारणाने मरतात, आणि तिथे तर काही वायू पेट घेणारे असल्याने कंदिलाची युक्तीही चालत नाही. हा धडा विज्ञानाच्या तासाला पेवाच्या निमित्ताने सांगता येतो.

बियाणे मात्र पेवात ठेवत नसत. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस वास येतो, रंग थोडा पिवळसर होतो आणि उगवणशक्ती जाते. बीजाला कोंडून ठेवले तर ते मरते हे शेतकऱ्याला ठाऊक होते. बियाण्याची कणसे चुलीवरच्या धुरात टांगलेली असत किंवा दाणे राखेत कालवून मडक्यात ठेवलेले असत. खायचे धान्य आणि पेरायचे धान्य या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांची साठवण वेगळी, ही जाण पाठ्यपुस्तकातून आलेली नव्हती.

आता इनामगावच्या त्या शेजारशेजारच्या दोन इमारतींकडे परत येऊ. पाच माणसांचे कुटुंब, माणशी रोज अर्धा किलो ज्वारी धरली तर वर्षाला नऊ क्विंटलांच्या आसपास लागते. दीडशे क्विंटलांचे पेव म्हणजे एका घराचे सोळा वर्षांचे अन्न. एवढे धान्य कोणाकडे असणार? पाटील, देशमुख, सावकार किंवा सरकार यांच्याकडे. साध्या कुळवाड्याच्या घरी कणगी, फार तर छोटे पेव. सुगी सरता सरता त्याची कणगी रिकामी झाली की तो मोठ्या पेवाच्या दारी जाई आणि सवाई-दिढीने धान्य उचले, म्हणजे चार पायल्या घेऊन पुढच्या सुगीला पाच किंवा सहा परत करायच्या. धान्य टिकवण्याची ताकद ज्याच्याकडे, दर ठरवण्याची ताकदही त्याच्याकडे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्याकडे इतकी शतके का सांगितली जाते? दुष्काळात बादशहाचे कोठार त्यांनी रयतेसाठी खुले केले, एवढीच तर ती गोष्ट. तिच्यातला चमत्कार विठ्ठलाचा आहे. पण भुकेल्या लोकांच्या समोरच भरलेले कोठार बंद असते, ही तिच्यातली खरी बाब लोकांच्या रोजच्या ओळखीची होती. पेवाचे गोडवे गाताना आपण हे विसरतो.

पेवाचे दिवस फिरले ते दोन टप्प्यांत. पहिला टप्पा रेल्वेचा. मनमाडहून औरंगाबादमार्गे (आताचे छत्रपती संभाजीनगर) सिकंदराबादकडे जाणारा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी सुरू झाला. पैठणला रेल्वे आली नाही, तरी पन्नासेक किलोमीटरवर स्थानक आले. ज्या हिशेबाने 'पेरिप्लस'च्या काळी धान्य गावातच राहत होते तो हिशेब आता उलटला. ज्वारी मुंबईला नेणे परवडू लागले, आणि ज्वारीपेक्षा कापूस नेणे जास्त परवडू लागले. शेतसारा रोख भरायचा होता. मग चार वर्षांचे धान्य जमिनीत पुरून कशाला ठेवायचे? दुष्काळात रेल्वेने धान्य आले हेही खरे, आणि चांगल्या वर्षी रेल्वेने ते बाहेर गेले हेही खरे. या दोन्हींची बेरीज काय, यावर इतिहासकारांचे अजून एकमत नाही.

गंमत अशी की नेमक्या याच काळात युरोपातले वैज्ञानिक पेवामागचे तत्त्व नव्याने शोधत होते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियातला गहू जहाजांअभावी गोदामांत पडून राहिला आणि त्याला प्रचंड कीड लागली. लंडनच्या रॉयल सोसायटीने धान्यकिडींसाठी समिती नेमली. तिच्यातर्फे आर्थर डेंडी या प्राणिशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये हवाबंद साठवणुकीचा किड्यांवर काय परिणाम होतो याचा अहवाल दिला. किडे मरतात हे नक्की ठरले, पण कशाने? साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने की संपलेल्या ऑक्सिजनने? याचा निकाल पुढे १९५० नंतरच्या प्रयोगांनी लागला. ऑस्ट्रेलियात बेली आणि इंग्लंडमध्ये ऑक्सली यांच्यासारख्यांच्या कामातून दिसले की मुख्य कारण ऑक्सिजनची टंचाई हेच आहे. तो दोन-तीन टक्क्यांपर्यंत उतरला की बहुतेक धान्यकिडी टिकत नाहीत. मधल्या काळात, दुसऱ्या महायुद्धात निर्यात अडकल्यावर, अर्जेंटिनाने जमिनीखाली मोठमोठे हवाबंद सायलो बांधले होते. ती सिमेंटची पेवेच म्हणा ना.

दुसरा टप्पा स्वातंत्र्यानंतरचा. वि. गो. पानसे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९६०च्या दशकात काढलेला अंदाज असा की काढणीनंतर देशातले ९.३३ टक्के धान्य वाया जाते, आणि त्यातले ६.५८ टक्के साठवणुकीत. (२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात तृणधान्यांची काढणीपासून साठवणुकीपर्यंतची एकूण नासाडी ४.६५ ते ५.९९ टक्के निघाली.) तुटीच्या त्या काळात ही मोठी गोष्ट होती. १९५८ मध्ये हापूड येथे धान्य साठवणुकीचे संशोधन केंद्र निघाले होतेच, १९६५ मध्ये अन्न महामंडळ आले आणि 'धान्य बचाव' मोहीम सुरू झाली. गावोगाव पत्र्याच्या कोठ्यांचा प्रचार झाला. पेव 'अशास्त्रीय' ठरले.

हा शिक्का सरसकट होता, पण निराधार नव्हता. कारण तोवर दाणाच बदलत चालला होता. सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी १९६४ मध्ये प्रसारित झाली. ती खरिपाची. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यात निघते आणि खळ्यावर तिची ओल दहा टक्क्यांच्या आसपास येते. संकरित ज्वारी दाण्यात असतानाच परतीचा पाऊस गाठतो, दाणा काळा पडतो, ओल पंधरा टक्क्यांवर असते. असला दाणा पेवात घातला तर ऑक्सिजन संपल्यावरही विनाऑक्सिजन जगणारे सूक्ष्मजीव काम चालू ठेवतात आणि पेव उघडल्यावर आंबलेला लगदा निघतो. पेवाचे तंत्र 'हवाबंद' या एका शब्दाचे नव्हते, 'कोरडे आणि हवाबंद' असे दोन शब्दांचे होते. पहिला शब्द आजवर हवामान फुकटात पुरवत होते, म्हणून तो कोणी मोजलाच नव्हता.

पैठणमध्ये तर पाण्याचेच गणित पालटले. लाल बहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी ते राष्ट्राला अर्पण केले. डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर लांबीचा. मधल्या १९७२च्या दुष्काळात मराठवाड्याने परदेशी तांबड्या मिलोवर दिवस काढले होते. धरणाची गरज कोणाला पटवून द्यावी लागली नाही. पण कालव्याच्या पाण्याने ऊस आणला, आणि ऊस साठवता येत नाही. तोडल्यापासून तासातासाला त्याची साखर घटते. शिवाय जिथे कालव्याच्या झिरप्याने भूजल वर येते तिथे जमिनीखाली कोरडी जागाच उरत नाही. ज्वारीच्या जागी ऊस, मोसंबी, कापूस, पुढे सोयाबीन आले, तसे पेवाचे प्रयोजनच संपले. गावातली पेवे बुजवली गेली, काहींत उकिरडे झाले.

पेव मोठ्या प्रमाणावर टिकले ते वेगळ्याच मालासाठी. सांगलीजवळ हरिपूर येथे हळदीची पेवे अगदी अलीकडेपर्यंत व्यापाऱ्यांच्या वापरात होती. कृष्णेच्या २००५ च्या महापुराने त्यांतली पुष्कळ बुडाली आणि हळद गोदामांकडे वळली.

तत्त्व मात्र गेले नाही. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या पुसा कोठीत मातीच्या दोन भिंतींमध्ये पॉलिथिनचा पडदा असतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तीन पदरी पिशवी तयार केली: आत दोन प्लॅस्टिकचे पदर, बाहेर विणलेले पोते. दोन्ही पदरांची तोंडे पिळून बांधली की झाले क्विंटलभराचे पेव. धुरीच्या विषारी गोळ्यांना किडी सरावत चालल्या आहेत हे १९७०च्या दशकातल्या जागतिक पाहणीतच दिसले होते, आणि त्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन राहत्या घरात जीवघेणा ठरतो. तेव्हा या पिशवीचे महत्त्व शहरी वाचकाला वाटते त्यापेक्षा जास्त आहे. शिवाय ती लहान शेतकऱ्यालाही घेता येते. मोठे पेव ज्याच्याकडे त्याच्याकडे दराची ताकद, हे जुने समीकरण ती थोडे तरी सैल करते. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. तिच्यात माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत उचल मिळते, म्हणजे सुगीतच पडत्या भावाने विकावे लागत नाही. मात्र त्यासाठी माल गोदामात टिकला पाहिजे, आणि टिकायचा तर आधी वाळला पाहिजे.

वर्गात हे सगळे दोन बाटल्यांत दाखवता येते. घट्ट बुचाच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. दोन्हींत कीड लागलेली, पण कोरडी ज्वारी तोंडापर्यंत भरा आणि वर दिसतील असे दहा-दहा जिवंत सोंडे सोडा. एकीच्या तोंडाला फडके बांधा. दुसरीचे बूच लावून त्यावर मेण ओता. दर दोन दिवसांनी विद्यार्थ्यांना किती किडे हलताना दिसतात ते मोजून तक्ता करू द्या. महिन्याने बंद बाटली उघडताना तिच्या तोंडाशी जळती उदबत्ती नव्हे, काडी धरा; उदबत्तीचा निखारा विझला की नाही यावर वाद होतात. तिसरी बाटली करायची असेल तर तिच्यात तीच ज्वारी रात्रभर भिजवून, निथळून भरा आणि बूच सैल ठेवा, नाही तर आतल्या वायूच्या दाबाने ते उडेल. ही बाटली खिडकीत, सर्वांच्या नाकापासून थोडी दूर ठेवलेली बरी.